'कोणत्याही' या एका शब्दापाशी अडलेला फिल्टर

माझे वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि गेल्या वर्षापासून आमच्या गृहनिर्माण संस्थेचे मानद सचिव आहेत. संस्थेच्या ईमेलवर कर्ज देऊ करणाऱ्या एका कंपनीच्या जाहिराती रोज येत, म्हणून त्यांनी स्वतःच एक फिल्टर तयार केला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात त्या कंपनीचे नाव असावे ही पहिली अट, विषयात 'लोन' हा शब्द असावा ही दुसरी आणि अशी पत्रे हटवावीत ही कृती. तीन आठवड्यांनी बँकेतून फोन आला, की इमारतीच्या दुरुस्तीच्या कर्जासाठी मागितलेली कागदपत्रे अजून का पोहोचली नाहीत. बँकेची चारही पत्रे कचरापेटीत सापडली. तेथील पत्रे 30 दिवसांनी कायमची जातात, त्यामुळे थोडा आणखी उशीर झाला असता तर पहिले पत्र हाती लागले नसते.

दोष बाबांचा नव्हता, असे माझे ठाम मत आहे. अटींच्या वर 'खालीलपैकी कोणत्याही अटीशी जुळल्यास' असे लिहिलेले होते आणि तोच पर्याय आधीपासून निवडलेला होता. यंत्राने त्याचा अर्थ एक अट जुळली तरी पुरे असा घेतला, म्हणून विषयात 'लोन' असलेली बँकेची पत्रेही हटली. 'कोणत्याही दुकानात मिळेल' किंवा 'कोणत्याही परिस्थितीत यायलाच हवे' असे म्हणताना आपल्याला प्रत्येक दुकान, प्रत्येक परिस्थिती अभिप्रेत असते. मग 'कोणत्याही अटीशी' म्हणजे प्रत्येक अटीशी, असे आयुष्यभर मराठीत टिपणे लिहिलेल्या माणसाने वाचले, तर त्यात चुकले कुठे?

मी आधी त्यांना आकृत्या काढून 'आणि' व 'किंवा' यांतील फरक समजावू लागलो, पण त्याचा उपयोग झाला नाही. मग त्यांनीच विचारले, "म्हणजे हे आवक टपालाचेच काम ना? कोणाचे पत्र, विषय काय आणि कोणाच्या टेबलावर द्यायचे, एवढेच?" त्यानंतर आम्ही संगणकाचा पडदा बाजूला ठेवला आणि प्रत्येक फिल्टर आधी कागदावर एका पूर्ण वाक्यात लिहायचा, असे ठरवले. 'यांपैकी एक जरी अट जुळली तरी' आणि 'या सगळ्या अटी जुळल्या तरच' अशी दोन वाक्ये समोर येताच त्यांना क्षणात उलगडा झाला. 'जरी–तरी' आणि 'तरच' या शब्दांनी हा भेद मराठीत इतका नेमका होतो, की त्यासाठी वेगळी परिभाषा घडवण्याची गरजच नाही.

सर्व्हरवरील फिल्टरांसाठी 'सीव्ह' नावाची एक प्रमाण भाषा आहे. नावाचा अर्थच चाळणी. तिचे नियम ठरवणारा, आज प्रचलित असलेला दस्तऐवज 2008 मधला आहे आणि तीत 'ऑल-ऑफ' (सगळ्या अटी) व 'एनी-ऑफ' (एक जरी अट) अशा दोन वेगळ्या चाचण्या आहेत. यंत्रापुढे गोंधळ नाहीच. तो आपण माणसासाठी लेबल लिहिताना निर्माण करतो. त्या भाषेतली मला फार आवडलेली गोष्ट अशी, की फिल्टरने पत्राचे काहीच केले नाही तर ते आवक पेटीतच राहते. जीमेलमध्ये वेगळीच रीत आहे: भरलेल्या सगळ्या रकान्यांतील अटी जुळाव्या लागतात आणि दोन पत्त्यांपैकी एक चालणार असेल, तर त्यांच्यामध्ये 'ओआर' (OR, म्हणजे 'किंवा') मोठ्या रोमन अक्षरांत लिहावे लागते.

'इनबॉक्स वगळा' या पर्यायाचीही बाबांना धास्ती वाटत होती, कारण वगळणे म्हणजे यादीतून काढून टाकणे. त्याऐवजी आम्ही कागदावर 'आवक पेटीत न दाखवता थेट या कप्प्यात ठेवा' असे लिहिले. हटवण्याची कृती आम्ही पूर्णपणे सोडून दिली; नको वाटणारी पत्रे 'शनिवारी पाहणे' नावाच्या कप्प्यात जातात आणि बाबा ती दर शनिवारी चाळतात. नवा फिल्टर जतन करण्यापूर्वी त्याच अटी शोधाच्या रकान्यात घालून जुनी कोणती पत्रे जाळ्यात येतात, हेही ते पाहतात. पहिल्याच वेळी वीज मंडळाच्या बिलाचे पत्र त्या यादीत दिसले आणि फिल्टर तिथेच दुरुस्त झाला.

'एक जरी अट जुळली तरी' आणि 'सगळ्या अटी जुळल्या तरच' ही दोन्ही वाक्ये मी ईमेल सेवा देणाऱ्यांना कळवली आहेत आणि सोबत एकच विनंती केली आहे: फिल्टर जतन करण्याआधी तो काय करणार आहे, हे पूर्ण मराठी वाक्यात एकदा वाचून दाखवावे.