डासाच्या पोटातली १५ मिनिटं

पावसाळ्यात कृष्णेचं पाणी उतरलं की सांगलीत डासांचं राज्य. फवारणीची गाडी गल्लीत धूर सोडून जाते, आशाताई पिंपात अळ्या आहेत का बघतात, कोरडा दिवस पाळा म्हणतात, आपण हो हो म्हणतो. मला हल्ली हातावर डास बसला की मारायच्या आधी वेगळंच सुचतं. ही अ‍ॅनोफिलिस असली (चावते ती मादीच) आणि पोटात मलेरियाचा जंतू असला, तर तो आत्ता काय करत असेल?

म्हणजे बघा, माणसाच्या रक्तात ३७ डिग्रीला निवांत असलेला तो डासाच्या पोटात गेला की एकदम गार पडतं, वर तिथं झॅन्थुरेनिक अ‍ॅसिड नावाचं एक रसायन भेटतं, आणि एवढ्यावरून जंतूतल्या नराला (जंतूत पण नर-मादी असतात) कळतं की आता मुक्काम बदलला. पंधराएक मिनिटांत तो डीएनए तीनदा दुप्पट करून ८ शेपटीवाल्या पेशी बाहेर सोडतो. १५ मिनिटांत!

सगळी प्रोटीनं नव्यानं बनवत बसायला सवड कुठली? बरीचशी आधीच तयार असतात, फक्त त्यांच्यावर फॉस्फेटचा बारका तुकडा चिकटवायचा. मार्केट यार्डात हळद तीच असते पण सौदा होऊन पोत्यावर खूण पडली की ते कुठल्या गाडीत चढणार हे ठरतं ना, तसंच. हे तुकडे चिकटवणारी एन्झाईम म्हणजे कायनेज. त्यातलं सीडीपीके-४ कॅल्शियम वाढलं की जागं होतं. उंदरांच्या मलेरियाच्या जंतूतनं ते काढून टाकलं तर नर पेशी बनल्याच नाहीत.

आणि नुसतं फॉस्फेटच नाही. माणसाच्या तांबड्या पेशीवर जंतू जे प्रोटीन मिरवतो त्याचे सुमारे ६० जीन त्याच्याकडं असतात, पण एका वेळी चालू एकच. बाकीच्यांचा डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलाय त्यावर मिथाइल नावाचा असाच एक बारका तुकडा लावून ते गप्प बसवलेले. आपल्या अँटीबॉडी एकाला ओळखायला लागल्या की दुसरा चालू. डांबिस आहे राव.

आता औषधं शोधणारे या कायनेजच्या मागं लागलेत. पंचाईत अशी की माणसात पण पाचशेच्या वर कायनेज आहेत, जंतूचं बंद करायला जावं आणि आपलंच एखादं बंद पडावं. सीडीपीकेचं मात्र बरं आहे, ही जात वनस्पतीत असते, म्हणजे आपल्या उसात सुद्धा, मलेरियाच्या जंतूत असते, पण माणसात नाहीच.