दम धर रे भाऊ

आज जळगावला आईच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, घातले. खाटेवर ओलं धोतर, त्यावर आईचा झरझर फिरणारा हात, आणि बाजूला माझा पाच वर्षांचा लेक टक लावून उभा. अर्धवट वाळलेल्या बिबड्याची चव ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती तगमग कळेल. आई म्हणाली, "दम धर रे भाऊ, कडा सुटल्या की पहिला तुझाच." तो सावलीत बसला. कावळे हाकलले, गाणं म्हटलं, दोनदा उठला, परत बसला. आणि घरात पाहुणे असूनही आईने पहिला बिबडा त्यालाच दिला.

मला मात्र आत कुठेतरी टोचलं. "पाच मिनिटांत फिरायला नेतो" म्हणून मी किती वेळा मोबाइलमध्ये बुडून गेलोय! अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठाने 28 लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्या मोठ्या माणसाने आधी शब्द पाळला, तो आणखी खाऊ आणेल या भरवशावर मुलं समोरचा खाऊ न खाता सरासरी 12 मिनिटं थांबली. शब्द मोडणाऱ्यापुढे जेमतेम 3. आणि मी पोराला हट्टी म्हणत होतो.

संध्याकाळी सहाला सांगितलं होतं, सहालाच मेहरूण तलावावर गेलो. फोन घरीच ठेवला.