साडेपाचशे ग्रॅम

ठाण्यातील आमच्या स्ट्रक्चरल डिझाइनच्या कार्यालयात संगणक, सॉफ्टवेअरचे परवाने आणि नेटवर्क सांभाळण्याचे काम गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. मागच्या पावसाळ्यात इंजिनिअरांसाठी बारा नवे लॅपटॉप घ्यायचे ठरले आणि विक्रेत्याने दोन नमुने चाचणीसाठी पाठवले. एकाचे वजन 1.2 किलो, दुसऱ्याचे 1.75. पहिला इतका पातळ आणि देखणा होता की टेबलावर ठेवताच सगळ्यांचे मत त्याच्याकडे झुकले. माझेही झुकले होते.

त्या दिवशी सकाळी मी दोन्ही यंत्रांवर एकाच चौदा मजली इमारतीच्या मॉडेलचे अ‍ॅनालिसिस, म्हणजे तिच्या मजबुतीचे गणित, एकदमच सुरू केले. प्रोसेसर दोन्हींत एकच होता आणि पहिली पाच-सहा मिनिटे दोघांत काहीही फरक दिसला नाही. मग पातळ लॅपटॉपचा फॅन चिरक्या आवाजात फिरू लागला, कीबोर्डच्या वरची पट्टी हात लावू देईना इतकी तापली आणि प्रोसेसर घेत असलेली वीज 28 वॅटवरून 15 वॅटच्या आसपास उतरली. यात बिघाड काहीच नव्हता. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून फॅनजवळच्या बारीक पात्यांपर्यंत येते आणि तिथून हवेबरोबर बाहेर पडते. जेवढी उष्णता बाहेर टाकता येते तेवढीच वीज यंत्राला सतत वापरता येते. जाडी कमी केली की पातीही लहान होतात आणि फॅनही. पत्रे लिहिणाऱ्याला हे कधी जाणवणार नाही, पण आमचे एकेक गणित अर्धा-अर्धा तास चालते. जाड लॅपटॉपने ते 31 मिनिटांत संपवले, पातळ लॅपटॉपला 46 मिनिटे लागली.

दुपारी विक्रेत्याच्या परवानगीने मी दोन्हींची मागची झाकणे उघडली. जाड लॅपटॉपमध्ये रॅमचे, म्हणजे चालू कामाच्या मेमरीचे, दोन स्लॉट (ती बसवायच्या खाचा) होते, एक भरलेला, एक रिकामा. पातळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसरला खेटून काळ्या चिपा थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या दिसल्या. अशा रचनेवर सरसकट टीका होते, ती मला पटत नाही. स्लॉट काढून टाकला की मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ आणता येते, त्यामुळे तिचा वेग वाढवता येतो, वीज कमी लागते आणि जागाही वाचते. मात्र खरेदीच्या दिवशी घेतलेली रॅम लॅपटॉप मोडीत निघेपर्यंत तेवढीच राहते. आमच्या सॉफ्टवेअरची भूक दर दोन वर्षांनी वाढताना मी पाहिली आहे, त्यामुळे हा मुद्दा माझ्या दृष्टीने वेगाच्या फरकापेक्षाही मोठा होता.

पोर्टविषयी, म्हणजे केबल जोडायच्या जागांविषयी, मला फारसा विचार करावा लागला नाही. अ‍ॅपलने 2016 मध्ये मॅकबुक प्रोमधून एचडीएमआय (बाहेरचा स्क्रीन जोडायचे पोर्ट), एसडी कार्ड आणि मॅगसेफ (चुंबकाने चिकटणारे चार्जरचे पोर्ट) काढून फक्त यूएसबी-सी ठेवले आणि 2021 मध्ये ते तिन्ही परत आणले, तेही जास्त जाड आणि वजनदार लॅपटॉपमध्ये. व्यावसायिक माणसाच्या रोजच्या कामात केबल किती महत्त्वाची असते, हे यातून पुरेसे स्पष्ट होते. आमच्या इंजिनिअरांना साइटवर सर्वेक्षणाच्या यंत्रातून डेटा उतरवावा लागतो, आणि तिथे केबल जोडायचा डोंगल, म्हणजे छोटा अडॅप्टर, घरी राहिला तर अख्खा दिवस वाया जातो.

चार वाजेपर्यंत माझा निर्णय झाला होता: बाराही जाड. शिफारसपत्र लिहायला घेतले तेवढ्यात आमच्या ज्येष्ठ डिझाइनर मॅडम टेबलाशी आल्या. त्या रोज बदलापूरहून लोकलने येतात. त्यांनी दोन्ही लॅपटॉप दोन हातांत उचलून धरले, काही वेळ तसेच धरून ठेवले आणि म्हणाल्या, "गणित तुम्ही बसून केलंत. मी बॅग छातीशी धरून तासभर उभी असते. दोन वर्षांपासून खांदा दुखतोय, त्यात चार्जरचं वजन वेगळंच."

मला उत्तर सुचले नाही. साडेपाचशे ग्रॅम मी कागदावर मोजले होते, कोणाच्या खांद्यावर नव्हे. रॅमच्या स्लॉटसाठी जागा मागणारा मी आणि वजन कमी मागणाऱ्या त्या, दोघेही कामाचेच बोलत होतो. निर्मात्याने पातळ रचना केवळ दिखाव्यासाठी केली, हे सकाळपासूनचे माझे गृहीतक चुकले होते.

मी पत्र फाडले आणि बाराही जणांना एकेक करून विचारले: अ‍ॅनालिसिस कुठे करता, बॅग कशातून नेता, साइटवर किती वेळा जाता. चौघे रोज लांबून लोकलने येणारे निघाले आणि त्यांची मोठी गणिते कार्यालयातील डेस्कटॉपवर पाठवता येण्यासारखी होती. त्यांच्यासाठी पातळ लॅपटॉप मागवले, पण 16 ऐवजी 32 जीबी रॅमचे, कारण पुढे संधी मिळणार नाही. उरलेल्या आठांसाठी जाड, 16 जीबीचे, एक स्लॉट रिकामा ठेवून.

पातळ लॅपटॉपचा दर त्यामुळे वाढला आणि संचालकांनी त्यावर बोट ठेवले. शिफारसपत्राच्या समासात मी लिहिले होते, "या चार यंत्रांची मेमरी नंतर वाढवता येणार नाही." त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, तिच्याखाली रेघ ओढली आणि सही केली.