कुसकुसची वाफ कशाची?

आई शुद्ध शाकाहारी आहे आणि मोरोक्कोत तिचे खाण्याचे हाल झाले. मेनूकार्डावर जिथेतिथे 'भाज्यांचं ताजीन', म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा, लिहिलेलं असतं. माराकेशला एका ठिकाणी तेच मागवलं, मातीचं टोकदार झाकण उचललं, तर गाजर-बटाट्याखालून कोंबडीचं हाड निघालं. "मांस काढून टाकलंय, आता भाज्याच आहेत," वेटर म्हणाला. आई काही बोलली नाही, पण त्यानंतर ती खोब्ज नावाचा गोल पाव, ऑलिव्ह आणि संत्री यांवरच राहिली. पंचाहत्तरीच्या बाईशी असं वागावं? मला त्या माणसाचा राग अजून आहे.

वाळवंटातल्या मुक्कामाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. थंडी मरणाची, आणि उंटवाल्यांची घाई त्याहून जास्त.

मग फेझ. जुन्या शहरात गाड्या शिरतच नाहीत, सगळं सामान खेचरांवरून आणि हातगाड्यांवरून जातं. ताला केबिरा या उताराच्या गल्लीत एका खाटकाच्या दुकानाबाहेर उंटाचं आख्खं मुंडकं आकड्याला टांगलेलं होतं, पापण्यांसकट. आईने पदर तोंडाला लावला आणि झपझप पुढे निघाली.

अशा मनःस्थितीत आम्ही बू इनानिया मदरशाजवळच्या बोळातल्या 'कॅफे क्लॉक'मध्ये शिरलो. शेजारीच चौदाव्या शतकातल्या जलघड्याळाची इमारत आहे, त्यावरून हे नाव. जुन्या वाड्यात थाटलेली, ऐसपैस बसू देणारी जागा. इथला उंटाच्या मांसाचा बर्गर प्रवाशांमध्ये प्रसिद्ध आहे आणि मला तो खायचाच होता. जिने मात्र उंच पायऱ्यांचे. गुडघे दुखत असतील तर गच्चीचा हट्ट धरू नका, खालीच बसा.

शुक्रवार होता. मोरोक्कोत शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर घरोघरी कुसकुस, म्हणजे वाफवलेला रवा, असतो. वर भोपळा, गाजर, कोबी, छोले रचलेले. आईला तो दिसायलाही आवडला. ऑर्डर घेणाऱ्या मुलीला मी विचारलं, मांस न घालता देता येईल का?

ती मुलगी थांबली. वही बाजूला ठेवली आणि आईच्या शेजारी खाली बसून हातांनी दाखवत समजावू लागली. खाली मोठं भांडं, त्यात रस्सा. वर चाळणीसारखं भोकांचं भांडं, त्यात रवा. रस्सा उकळतो, त्याची वाफ रव्यात शिरते. मग रवा परातीत काढून हाताने मोकळा करायचा, पुन्हा चढवायचा, असं दोन-तीनदा. "आजचा रस्सा मटणाचा आहे. मी मांस वाढणार नाही, पण वाफ त्याचीच आहे. तुमच्या आईंना हे देऊ नये." हरिरा सूपही नको म्हणाली, त्यातही हाडाचं पाणी आहे.

मी मराठीत सांगेपर्यंत आईला हातवाऱ्यांवरून सगळं कळलं होतं. तिने त्या मुलीचा हात धरला. इतक्या दिवसांत तिचं शाकाहारी असणं कुणीतरी पहिल्यांदाच गंभीरपणे घेतलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग आमच्यासाठी बिसारा आला. सुक्या बाकल्याच्या डाळीचं घट्ट सूप, वर ऑलिव्ह तेलाची धार आणि भुरभुरलेलं जिरं. सोबत झालूक, म्हणजे टोमॅटो-लसणात शिजवलेलं वांगं, अगदी आपलं भरीतच. आईने पावाने वाटी पुसून खाल्ली. माझा बर्गर चांगला होता. उंटाच्या मांसात चरबी कमी असते, म्हणून खाटीक खिम्यात उंटाच्या वशिंडाची चरबी मिसळतात असं त्या मुलीनेच सांगितलं. दालचिनीचा वास आणि कांद्याची गोडी छान जमून आली होती. पाश्चात्त्य पावात मोरोक्कन मसाला भरण्याचा हा प्रकार मला पटला, कारण मसाल्यात कुठे काटकसर नव्हती.

शाकाहारी माणसाला घेऊन फेझला जाणार असाल, तर 'मांस आहे का' एवढ्यावर थांबू नका. रस्सा कशाचा आणि वाफ कशाची, तेही विचारा. बिसारा सकाळी बाजारातल्या छोट्या दुकानांतही मिळतो, तिथे तो स्वस्त असतो आणि जास्त गरम. पुढचे दोन्ही दिवस आईची न्याहारी तिथेच झाली.