ऊस वाहणाऱ्या बैलांचे खांदे : आमच्या शिबिराचा माझा अनुभव

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कारखान्याच्या रोडवर. गाळप सुरू झालं की रात्रंदिवस टायरगाड्या दारावरून जातात, लहानपणापासून घुंगरांचा आवाज ऐकतच झोपलोय आम्ही, त्यामुळं बैलांना काही त्रास होत असेल असं कधी मनातच आलं नाही. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत घराजवळच्या चढाला एक बैल गुडघ्यावर बसला. गाडी उसानं गच्च भरलेली, मागं ट्रॅक्टरवाला हॉर्न मारतोय, गाडीवान शेपूट पिळतोय, बैल काही उठेना. आम्ही चौघांनी मोळ्या खाली टाकल्या, जू काढलं, तेव्हा खांदा दिसला. नारळाएवढी सूज, मधोमध फुटलेली. जू वर असतं तोवर हे रस्त्यानं जाणाऱ्याला दिसतच नाही.

मी फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला. दोन दिवसांत तो कुठल्या कुठं गेला, लोकांनी गाडीवानाला कसाई काय, राक्षस काय, वाट्टेल ते लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्या नळावर पाणी भरायला आली, बीडकडची बाई, म्हणाली, "ताई, कर्ज काढून घेतलाय बैल, त्यो मेला तर आमी काय करायचं?" मी तिच्यासमोरच फोटो डिलीट केला. पण तो आधीच पसरला होता, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग पुढचे आठ-दहा दिवस संध्याकाळी त्यांच्या खोपटांवर जाऊन बसले. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आधीच अंगावर, पैसे टनावर, म्हणजे खेप मोठी केली तरच फिटणार. आणि खरी गोष्ट मला तिथं कळली ती कारखान्याच्या यार्डातल्या रांगेची. वजनकाट्यावर नंबर यायला कधी कधी सहा-सहा तास लागतात, रांग थोडी थोडी सरकते म्हणून बैल सोडता येत नाहीत, म्हणजे चालणं संपलं तरी खांद्यावरचं वजन तसंच. त्यात गाडी धुरजड, म्हणजे पुढच्या बाजूला जड, भरली असेल तर सगळा भार जुवावर.

कायदा आहे, १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम. दिवसात नऊ तासांच्या वर जुंपायचं नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन नाही, टोकदार पराणी नाही. आमच्या गावात हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

बैल तपासायचं शिबिर घ्यायचं ठरवलं, त्याच्या परवानगीसाठी कारखान्याच्या शेतकी ऑफिसात तीन हेलपाटे झाले. पहिल्या अर्जात मी 'बैलांवरील क्रूरता' असं लिहिलं होतं, साहेबांनी अर्ज तसाच परत दिला, बदनामी होईल म्हणाले. दुसऱ्यांदा ते भेटलेच नाहीत. तिसऱ्यांदा मी 'खांदा तपासणी शिबिर' लिहिलं आणि पाच मिनिटांत सही झाली. शब्द बदलला एवढंच, काम तेच होतं!

शिबिर रात्री यार्डातच घेतलं, कारण गाडीवान मोकळा सापडतो तो तिथंच. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर स्वतःच्या वेळेत आले. सुरुवातीला कुणी जवळ येईना, फोटोची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. मग त्याच नळावरच्या बाईनं नवऱ्याला पुढं ढकललं, त्याचा बैल तपासला, मलम लावलं, आणि पाठोपाठ रांगच लागली. डॉक्टरांनी खांदा हातानं दाबून दाखवायचं, गरम लागतो का, बैल अंग चोरतो का, म्हणजे फुटायच्या आधीच कळतं. जुवाला ट्यूबचं रबर गुंडाळलेलं होतं, त्यात घाम कोंडतो म्हणून कापूस भरलेली जाड गादी द्यायला सांगितली, गावातल्या बायकांनी जुन्या वाकळांच्या शिवून दिल्या. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या पोरांनी २०२२ साली गाडीच्या पुढं आधाराचं चाक बसवून मानेवरचा भार कमी करायची जोडणी केली होती, त्याचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवला तर सगळे वाकून वाकून बघत होते, एक म्हातारे मामा परत परत लाव म्हणाले.

कारखान्याकडं आम्ही एकच मागणी लावून धरली, यार्डात बैल सोडायला जागा आणि पाण्याची टाकी. टाकी झाली. जागा अजून नाही, त्यासाठी मी यंदाही जाणार आहे.

गावात बोलणं जास्त अवघड गेलं. आपला ऊस लवकर जावा म्हणून 'भर अजून दोन मोळ्या' म्हणणारे आपलेच लोक असतात, माझे वडीलही म्हणायचे. बेंदराला आपण आपल्या बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळतो, आणि आपलाच ऊस ओढणाऱ्या परक्या बैलाचा खांदा एकदाही बघत नाही, हे मी ग्रामसभेत बोलले तेव्हा माझा आवाज फुटला. दोन-तीन जण उठून गेले. पण वडिलांनी त्या सीझनला आमच्या फडातली गाडी स्वतः उभं राहून कमी भरून घेतली.

चूक एकच झाली, शिबिर जानेवारीत घेतलं, तोवर खांदे फुटलेले असतात. परवा पोळ्याच्या आदल्या दिवशी बीडवरून त्या गाडीवानाचा फोन आला, खांदेमळणी चालली होती, मागं घुंगरं वाजत होती. म्हणाला, "ताई, खांदा भरलाय, केसं बी आल्यात. औंदा शिबिर गाळपाची मोळी पडायच्या आधी घ्या, आमच्या टोळीत दोन नवे गोऱ्हे हायेत."