कुठे पडले, हे कागदावरच नव्हतं

मी ब्लाउज शिवते. नोव्हेंबरात लग्नाच्या ऑर्डरी सुरू झाल्या, म्हणून अस्तर घ्यायला बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेले. बसस्टँडकडून येताना नालीवरचा एक ढापा फुटून खचलेला आणि त्याला लागून गट्टू उखडलेले. पाय त्यात गेला आणि मी उजव्या हातावर आपटले. मनगट मोडलं. चप्पलवाल्या भाऊनं पाणी दिलं अन् म्हणाला, "बाई, या हप्त्यात इथं पडणाऱ्या तुम्ही तिसऱ्या जी."

सरकारी दवाखान्यात प्लास्टर झालं. केसपेपरवर लिहिलं, 'पडल्यामुळे इजा'. कुठे, कशानं, काही नाही. ठणका लागलेला असताना कोण वाचून पाहतं!

भाच्यानं मोबाइलवर बातमी दाखवली. मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2025 चा आदेश: रस्त्यावरच्या खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं जीव गेला तर वारसांना 6 लाख, जखमीला दुखापत पाहून 50 हजार ते अडीच लाख. "मावशी, तू अर्ज कर."

नगरपरिषदेतला बाबू म्हणे, रस्ता बांधकाम विभागाचा. बांधकामवाले म्हणे, रस्ता आमचा, पण नाली त्यांची. माझा पाय बरोबर दोघांच्या मधल्या फटीत गेला होता! शेवटी 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विचारलं, नाली कोणाची? 28 व्या दिवशी लेखी आलं: नगरपरिषदेची.

मग यवतमाळला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. बाईमाणसाला तिथं फुकट वकील मिळतो, कमाई किती ते विचारत नाहीत. हे मला वयाच्या 48 व्या वर्षी कळलं. वकील मॅडमनी केसपेपर उलटसुलट पाहिला. "जागा कुठाय यात? उद्या म्हणतील, घरच्या मोरीत पडल्या."

दवाखान्यात दुरुस्तीसाठी तीन चकरा मारल्या. "तुम्ही तेव्हा सांगितलं नसेल," एवढंच उत्तर. मग त्या दिवसाचं एसटीचं तिकीट शोधलं. ते अस्तराच्या पिशवीतच होतं. चप्पलवाल्या भाऊनं लिहून दिलं. भाच्यानं चार दिवसांनी काढलेला फोटो मात्र मला निकामी वाटत होता, कारण तोवर कोणीतरी त्या भोकात बाभळीची फांदी खोचली होती आणि फोटोत तीच दिसत होती. मॅडम त्या फांदीवर खूश! "धोका आहे हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं, यांनाच नव्हतं का?" अर्जात आम्ही 'उघडी नाली' असं लिहिलं.

भरपाई ठरवणाऱ्या समितीत प्राधिकरणाचे सचिव आणि नगरपरिषदेचे मुख्याधिकारी. ज्यांच्यावर तक्रार, तेच समोर बसलेले. मला घाम फुटला. पण प्रश्न सचिवांनीच जास्त विचारले. कमाई बुडाल्याचा पुरावा? मी मापांची वही पुढे केली. परत केलेल्या 23 ब्लाउजांवर मी डाव्या हातानं फुल्या मारल्या होत्या, वाकड्यातिकड्या. त्यांनी ती पानं बराच वेळ पाहिली.

मागितले सव्वा लाख, मंजूर झाले 60 हजार. आदेशाप्रमाणे अर्जापासून 6 ते 8 आठवड्यांत पैसे द्यायचे, नाहीतर 9 टक्के व्याज. माझे नवव्या आठवड्यात आले, बिनव्याजी. त्यासाठी पुन्हा यवतमाळची एसटी धरायचं त्राण नव्हतं.

मनगट अजून पुरतं वळत नाही. काजं-बटणं सून करते. तो ढापा नवा बसवलाय. त्याच्या पुढचा ढापा मात्र पाय ठेवला की वाजतो.