मिनी ट्रॅक्टरचं हायड्रोलिक ऑईल आम्ही घरीच बदललं

तासगावकडं द्राक्षांच्या फळछाटणीची गडबड सुरू व्हायच्या आधी, पाऊस ओसरल्यावर, आमच्या 24 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरचं हायड्रोलिक ऑईल आणि फिल्टर मी आणि धाकट्या भावानं शेडमध्येच बदलले. एकदा छाटणी झाली की बागेत फवारणीचा ब्लोअर सारखा फिरतो, मग ट्रॅक्टर उभा ठेवायची सोय राहत नाही.

डिपस्टिक ओढली तर ऑईल दुधाच्या चहासारखं. म्हणजे पाणी शिरलेलं. फवारणी झाली की बोर्डो, गंधक धुवायला आपण प्रेशरचा पाईप मारतो, आणि तो नेमका गिअरच्या दांड्याच्या रबरावर आणि ब्रीदरवर, म्हणजे गिअरबॉक्सची हवा आतबाहेर जायच्या भोकावर, बसतो. सकाळी रोटर (रोटाव्हेटर) उचलताना मागची लिफ्ट अडखळत होती, पंप घूंघूं करत होता, त्याचं कारण हेच.

दुकानात एकानं सल्ला दिला, '90 नंबरचं गिअर ऑईल टाका, स्वस्तात होतंय.' पण आमच्या ट्रॅक्टरला गिअर, लिफ्ट आणि ऑईलमध्ये बुडालेले ब्रेक, तिघांना एकच ऑईल. पुस्तिकेत यूटीटीओ लिहिलंय, म्हणजे या तिन्ही कामांना चालणारं ट्रॅक्टरचं खास ऑईल. साधं गिअर ऑईल घातलं तर ब्रेक किरकिरतात आणि गार असताना पंपाला ते ओढायला जड जातं. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. 20 लिटरची बादली आणली.

ट्रॅक्टर थोडा फिरवून ऑईल कोमट केलं, लिफ्ट पूर्ण खाली सोडली म्हणजे सिलिंडरमधलंही खाली येतं, मग इंजिन बंद करून प्लग सोडले. खाली एकच प्लग नसतो. सगळे शोधून काढावे लागतात. प्लगच्या मॅग्नेटवर करडा लगदा होता, तो चालतो. लोखंडाचे तुकडे असते तर मिस्त्रीला बोलवावं लागलं असतं.

खरी मेख जाळीच्या फिल्टरची. पंप ऑईल ओढतो त्या बाजूला तो बसतो. जाळी डिझेलमध्ये धुऊन हवेनं वाळवली, पण रबरी रिंग नवीच घातली. या बाजूची रिंग नीट बसली नाही तर चालू ट्रॅक्टरला बाहेर थेंब दिसेलच असं नाही. उलट पंप तिथून हवा ओढतो, ऑईलला फेस येतो आणि लिफ्ट झटके देते. माणूस मग पंपच बदलायला निघतो. भाऊ म्हणाला, 'दादा, थांब, रिंग खाचेतनं सरकलीय.' परत सोडून, ऑईलचं बोट लावून बसवली. दुसरा फिल्टर डब्याचा, तो रबर टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा आवळला. फिल्टरचा पट्टा फक्त जुना काढायला.

ऑईल भरलं, इंजिन सावकाश चालू ठेवून लिफ्ट वरखाली केली, बंद करून पुन्हा डिपस्टिक पाहिली. फिल्टर आणि नळ्या भरल्यामुळं पातळी उतरली होती, वरून घातलं.

काढलेलं ऑईल कॅनमध्ये झाकण लावून ठेवलंय, जुनं ऑईल घेणाऱ्याकडं जाईल. बांधावर ओतायला मी घरात मनाई केलीय, वाळवीचं औषध म्हणून मागणारे दोघं-तिघं नाराज झाले तरी.

लिफ्ट आता गपकन उचलते. मात्र ऑईलवर पुसट दुधाळ झाक अजून आहे, कारण कोपऱ्यांत जुनं थोडं राहतंच. फवारणीतून उसंत मिळाली की आणखी एकदा बदलायचं, आणि तोवर धुताना ब्रीदरवर प्लास्टिकची पिशवी बांधायची.